"गेमिंगला विंडोज आणि एनव्हिडियाच" म्हणणाऱ्यांना उत्तर

टर्मिनलवाला
काल 'भाच्याचा_मामा' यांनी विचारलं होतं की बारावी झालेल्या भाच्यासाठी ८०,००० च्या आत गेमिंगचा पीसी जुळवायचाय, ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम) कुठली टाकू आणि ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ. त्यावर 'रात्रपाळी' यांनी एका ओळीत निकाल देऊन टाकला: "विंडोज टाका, एनव्हिडिया घ्या, लिनक्सवर गेमिंग होत नाही." हे वाचून गप्प बसवेना.

मी तीन वर्षं घरी विंडोजऐवजी फक्त लिनक्स ही मोफत ओएस वापरतोय आणि जवळजवळ रोज रात्री खेळतो. स्टीम हे गेम्सचं दुकान चालवणाऱ्या वाल्व्हने २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं, विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर. गेम डायरेक्टएक्सच्या, म्हणजे विंडोजच्या ग्राफिक्सच्या भाषेत जे मागतो ते प्रोटॉनमधलं डीएक्सव्हीके लिनक्सवर चालणाऱ्या वल्कन या भाषेत फिरवून कार्डाला देतं, डायरेक्टएक्स १२ साठी तेच काम व्हीकेडी३डी-प्रोटॉन करतं. वाल्व्हचा हातात धरून खेळायचा स्टीम डेक २०२२ पासून याच जिवावर चालतोय. एल्डन रिंग, सायबरपंक, बाल्डर्स गेट ३, तिन्ही मी इन्स्टॉल दाबून सरळ खेळायला बसलोय.

लिनक्स टाकणार असाल तर कार्ड एएमडीचं घ्या. ते चालवणारा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच (ओएसच्या गाभ्यात) असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. एनव्हिडियाचं आता पूर्वीपेक्षा बरंच सुधारलंय, पण डायरेक्टएक्स १२ च्या बऱ्याच गेम्समध्ये त्याच कार्डावर विंडोजपेक्षा फ्रेम्स कमी मिळतात. आणि ओएस कुठलीही असो, ८ जीबी मेमरीचं कार्ड आज घेऊ नका. आरएक्स ९०६० एक्सटी ८ आणि १६ दोन्हींत येतं, आरटीएक्स ५०६० टीआय पण. नाव एकच असल्यामुळे दुकानात "तेच आहे हो" म्हणून ८ चं हातात देतात.

रात्रपाळी
तुम्ही एकट्याने खेळायचे गेम मोजलेत. पोरं ऑनलाइन खेळतात. व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही, फोर्टनाइट नाही, बॅटलफिल्ड ६ नाही. एपेक्स चालायचं, तेही ऑक्टोबर २०२४ मध्ये ईए या त्याच्या कंपनीने लिनक्सवर बंद केलं. जीटीए ऑनलाइनला त्याच्या महिनाभर आधी बॅटलआय हे अँटीचीट, म्हणजे खेळातली फसवेगिरी पकडणारं सॉफ्टवेअर, जोडलं आणि लिनक्सवाले बाहेर पडले. सगळा प्रश्न अँटीचीटचा आहे, प्रोटॉन कितीही चांगलं असून उपयोग काय?

माझ्या धाकट्या भावाला मी तुमच्यासारखंच समजावून लिनक्स टाकून दिलं होतं. रात्री साडेनऊला त्याचे चार मित्र व्हॉइस चॅटवर जमायचे. याच्याकडे तो गेमच चालत नव्हता, तर हा हेडफोन लावून नुसता त्यांचं ऐकत बसायचा. आठव्या दिवशी मी स्वतः विंडोज टाकून दिलं. तेव्हापासून हा विषय माझ्यापुरता संपला.

टर्मिनलवाला
भावाचं वाईट वाटलं, खरंच. पण ते अँटीचीट कर्नलमध्ये बसतं हे आपण इतकं सहज का घेतो? १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि ८५ लाख विंडोज मशीन्स निळ्या पडद्यावर अडकली. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले त्या दिवशी. तोही कर्नलमधलाच ड्रायव्हर होता. एका गेमसाठी घराची किल्ली देऊन टाकायची?

रेंडर_ताई
दोघेही फक्त खेळाचंच बोलताय. मुलगा बारावी झालाय, उद्या ॲनिमेशनला किंवा एआयकडे गेला तर क्युडा लागेल, आणि ते फक्त एनव्हिडियाच्या कार्डांवर चालतं. मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, एनव्हिडियाच्या ऑप्टिक्स या तंत्रावर रेंडरला (अंतिम चित्र तयार करायला) जो वेग मिळतो त्यासाठी मी एनव्हिडिया सोडणार नाही. आणि टीव्हीला एचडीएमआयने जोडणार असाल तर हेही बघा: एचडीएमआयची २.१ आवृत्ती लिनक्सच्या ओपन ड्रायव्हरमध्ये द्यायला एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये एएमडीला नकार दिला होता.

दुसरं म्हणजे ८०,००० मध्ये विंडोजच्या लायसन्सचे पैसे कोणी धरलेत?

लॅमिंग्टन_जुना
ताई, विंडोजचे पैसे कोण देतं? दुकानदार टाकूनच देतो.

रेंडर_ताई
हेच ऐकून माझं डोकं फिरतं. मलाही एका दुकानाने असंच "टाकून" दिलं होतं. लायसन्सशिवाय विंडोज चालू करणाऱ्या ॲक्टिव्हेटरसाठी डिफेंडर, म्हणजे विंडोजचा अँटीव्हायरस, बंद केलेला, आणि तो तसाच बंद ठेवलेला. मला पत्ताही नाही. डिप्लोमाचं प्रोजेक्ट जमा करायला तीन आठवडे होते, सकाळी मशीन सुरू केलं तर प्रत्येक फाईलच्या नावापुढे कसलं तरी नवीन शेपूट आणि डेस्कटॉपवर पैसे मागणारी चिठ्ठी. सात महिन्यांचं काम गेलं. दुकानात गेले तर म्हणाले, "फॉरमॅट मारून देतो, पाचशे होतील." फुकट वापरणाऱ्यांना चोरी हा शब्द झोंबतो, पण दुसरा शब्द नाही.

लॅमिंग्टन_जुना
चोर कोणाला म्हणताय? २००४ साली माझ्या वडिलांनी पीएफमधून पैसे काढून मला मशीन घेऊन दिलं. मुंबईत कॉम्प्युटरच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, चार दुकानं फिरलो, मॉनिटर मांडीवर ठेवून टॅक्सीने परळला आलो. तेव्हा ओएसचे वेगळे पैसे मागितले असते तर वडील मला घेऊन रिकाम्या हाती परतले असते. त्या मशीनवर शिकलो, आज त्यावरच घर चालतंय. आमच्या अख्ख्या चाळीत एकही विकतचं विंडोज नव्हतं. सगळे चोर का?

रेंडर_ताई
तुमच्या वडिलांबद्दल मी अवाक्षर काढलं नाही, ते मध्ये आणू नका. २००४ मध्ये पर्याय नव्हता हे मान्य. आज ३० हजारांचं कार्ड घ्यायला पैसे आहेत आणि लायसन्सला नाहीत, हे मला पटत नाही.

टर्मिनलवाला
म्हणूनच तर लिनक्स! फुकटही आणि चोरीही नाही.

लॅमिंग्टन_जुना
तुम्ही जरा थांबा, प्रत्येक दुखण्यावर तुमचं एकच औषध. ताई, ३० हजारांचं कार्ड घेणारा मी नाही, माझ्याकडे अजून जुनं ६ जीबीचं आहे. पण डिफेंडर बंद ठेवून मशीन देणं हा गुन्हाच आहे, ते तुमचं बरोबर. मी स्वतः लोकांना मशीन जुळवून दिलीत, हे कधी तपासलं नाही. यापुढे तपासेन. चोर हा शब्द मात्र मला मान्य नाही.

रात्रपाळी
अहो, लायसन्स घेईपर्यंत ॲक्टिव्हेट न करता विंडोज चालतंच. उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरं दिसतात, वॉलपेपर बदलता येत नाही, गेम सगळे चालतात. क्रॅक केलेल्या, म्हणजे चोरीच्या विंडोजपेक्षा ते शंभर पटीने बरं.

रेंडर_ताई
तेही नियमात बसत नाहीच. पण क्रॅकपेक्षा बरं, एवढं म्हणेन.

भाच्याचा_मामा
तुमचं भांडण वाचून मी भाच्यालाच फोन लावला. तो म्हणाला, मित्रांबरोबर व्हॅलोरंट आणि एकट्याने एल्डन रिंग. ॲनिमेशनमध्ये रस नाही, कॉमर्सला जाणार आहे. टीव्ही नाही, २४ इंची १०८० पी मॉनिटर आहे. आता सांगा.

टर्मिनलवाला
व्हॅलोरंट असेल तर विंडोज ११ टाका, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची दोन सेटिंग्ज चालू ठेवा, व्हॅलोरंटचं अँटीचीट व्हॅनगार्ड दोन्ही मागतं. मला हे लिहायला आवडत नाहीये, पण पोराला मित्रांपासून तोडून काय मिळवणार? पुढे कधी लिनक्स बघावंसं वाटलं तर वेगळ्या एसएसडीवर फेडोरा हे लिनक्स टाकू दे, ते सिक्युअर बूट चालू ठेवूनही सुरू होतं. त्यासाठी कार्ड एएमडीचंच बरं, कारण एनव्हिडियाचा ड्रायव्हर तिथे बहुधा स्वतःच्या डिजिटल किल्लीने साइन करावा लागतो आणि नवखा माणूस त्यात अडकतो.

रात्रपाळी
ओएसचं मान्य केलंत, बरं झालं. मग कार्डाचं मी सोडतो. या मॉनिटरला आणि बजेटला ९०६० एक्सटी १६ जीबी चालेल. व्हॅलोरंटला तर त्याच्या निम्म्या ताकदीचं कार्डही पुरेल. एसएमपीएसवर (पॉवर सप्लायवर) मात्र पैसे वाचवू नका, नाव नसलेला कॅबिनेटबरोबरचा घेऊ नका.

भाच्याचा_मामा
रविवारी लॅमिंग्टन रोडला जातोय मग.

लॅमिंग्टन_जुना
रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारी जा, दुपारच्या आत. खोक्यावर १६ जीबी लिहिलंय ते स्वतः वाचा, आणि बिल पक्कं घ्या. विंडोज कोण टाकणार विचारलं तर सांगा, आम्ही घरी टाकू.