मदत हवी आहे: रिकंबंट ट्राइक रोजच्या ट्रॅफिकमध्ये चालेल का?

मानेच्या दुखण्यामुळे साधी सायकल बंद झालीये, म्हणून पुढे दोन मागे एक चाकवाली, रेलून चालवायची ट्राइक घ्यायचा विचार आहे, रोज येऊन-जाऊन १४ किलोमीटर. मित्राची दोन रविवार चालवून बघितली, मान अजिबात दुखली नाही, पण सिग्नलला शेजारी बस थांबली तेव्हा माझं डोकं तिच्या चाकाच्या लेव्हलला होतं, खरंच घाबरलो. उंच झेंडा आणि मागे लाईट लावून पाहिलं, मागच्यांना दिसतं पण शेजारच्याला नाही. चढावर उभं राहून पेडल मारता येत नाही माहितीये, हलके गिअर टाकून घेईन. पार्किंग तळमजल्यावर आहे, मोटरवाली नकोय.

रोज चालवणाऱ्यांनी सांगा, सीट जमिनीपासून किती उंच असली की गाडीवाल्यांना आरशात दिसतो आपण, आणि तेवढ्या उंचीवर जोरात वळताना आतलं चाक उचलतं का?