२१ मार्चच्या कार्यक्रमात या वेळी दुल्ला ओमर

प्रेषक: अ. जो., केप टाऊन
प्रति: मंडळाची यादी

नमस्कार मंडळी,

दक्षिण आफ्रिकेतल्या मानवी हक्क दिनाच्या, म्हणजे २१ मार्चच्या, कार्यक्रमासाठी आपल्या मराठी मंडळाच्या समितीने विषय मागवले आहेत. गेली काही वर्षं आपण आलटून पालटून गांधीजी आणि मंडेला यांच्यावरच बोलतो आहोत. दोघंही वकील, आणि दोघांबद्दल कितीही बोललं तरी थोडंच. पण माझ्या गावात आणखी एक वकील होऊन गेला आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना त्याचं नावही ठाऊक नाही. दुल्ला ओमर, म्हणजे अब्दुल्ला महंमद ओमर. त्यांचा स्मृतिदिन १३ मार्च, आपल्या कार्यक्रमाच्या आदल्याच आठवड्यात येतो.

जन्म २६ मे १९३४, केप टाऊनच्या ऑब्झर्व्हेटरी भागात. केप टाऊन विद्यापीठातून १९५७ साली कायद्याची पदवी. १९६० मध्ये शार्पव्हिलला पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसं मेली, त्याच वर्षी हा माणूस वकिली करू लागला. पुढची तीस वर्षं त्यांचे अशील कोण, तर रॉबेन बेटावरच्या तुरुंगातले राजकीय कैदी. आफ्रिकन नॅशनल काँग्रेस आणि पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस या वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या दोन्ही संघटनांचे. स्वतः ओमर तेव्हा युनिटी मूव्हमेंट या तिसऱ्याच गटाचे होते. १९८३ नंतर ते युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंट या वर्णभेदविरोधी आघाडीत काम करू लागले, स्थानबद्धही झाले. मंडेला व्हिक्टर फर्स्टरच्या तुरुंगात होते तेव्हा ओमर त्यांना भेटायला जात आणि त्यांचं म्हणणं बाहेरच्या जगाला सांगत. मे १९९४ मध्ये मंडेलांनी त्यांना न्यायमंत्री केलं. ज्या खात्याविरुद्ध उभा जन्म झगडले, त्याच खात्याच्या खुर्चीत ते बसले. १९९९ पासून अखेरपर्यंत ते वाहतूकमंत्री होते. २००४ मध्ये पदावर असतानाच कर्करोगाने गेले.

माझा हा प्रस्ताव आहे. बोलायची माझी तयारी आहे.

अ. जो.

---

प्रेषक: वि. का., जोहान्सबर्ग

ताई, प्रस्तावाला माझं अनुमोदन. मी स्वतः जिल्हा न्यायालयात बारा वर्षं वकिली करून इकडे आलो, त्यामुळे विषय जवळचा वाटतो.

एक शंका आहे. हे ओमर आपल्या रत्नागिरीकडचे का? केप टाऊनला कोकणी मुसलमान पुष्कळ आहेत असं ऐकून आहे. तसं असेल तर पत्रिकेत आवर्जून लिहूया, लोक येतील.

वि. का.

---

प्रेषक: अ. जो., केप टाऊन

काका,

नाही. ओमर यांचे आईवडील गुजरातेतून आलेले. तुम्ही ऐकलंत तेही खरं आहे. इथल्या भारतीय मुसलमानांमध्ये रत्नागिरी आणि रायगडच्या गावांतून आलेली कोकणी घराणी खूप आहेत आणि जुन्या माणसांच्या तोंडी आपली कोकणी बोली अजून ऐकू येते. पहिल्यांदा ती ऐकली तेव्हा दुकानाच्या काउंटरमागे माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. रायलँड्स हा वर्णभेदाच्या काळात भारतीयांसाठी राखून दिलेला भाग. ही घराणी आणि ओमर कुटुंब तिथे शेजारशेजारच्या गल्ल्यांत राहिली. कोकणी आणि गुजराती ही माणसं एका कायद्याने एका कुंपणात घातली होती. एवढं नातं पत्रिकेत लिहायला हरकत नाही. त्यांना कोकणी म्हणणं मात्र खोटं होईल.

आता मला हा माणूस इतका का भिडला ते सांगते. मी फार्मसिस्ट आहे. हृदयविकाराच्या गोळ्या रोज माझ्या हातून जातात. ओमर यांना हृदयाचा त्रास होता. १९८९ च्या सुमाराला लष्कराच्या सिव्हिल को-ऑपरेशन ब्युरो नावाच्या छुप्या टोळीने त्यांना मारायचं ठरवलं. एक बेत गोळ्या घालण्याचा होता, त्यासाठी इथल्याच एका गुंडाला पैसे देऊन तयार केलं होतं. दुसरा बेत असा की त्यांच्या औषधाच्या गोळ्या काढून तिथे विष ठेवायचं. माणूस मेला असता तर सगळे म्हणाले असते, बिचाऱ्याचं हृदय कमजोरच होतं. ज्या डबीवर माणसाने डोळे मिटून विश्वास ठेवायचा, तीच डबी. हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मी प्रत्येक डबी दोनदा तपासून दिली.

बेत तडीस गेला नाही. १९९० मध्ये चौकशी आयोगापुढे हे सगळं बाहेर आलं. चार वर्षांनी ओमर न्यायमंत्री झाले आणि मारेकऱ्यांना माफी मिळण्याची वाट ज्या कायद्यात आहे, तो कायदा त्यांनीच संसदेत आणला. त्या ब्युरोच्या माणसांनी पुढे याच कायद्याखाली, इतर गुन्ह्यांबरोबर ओमर यांच्या खुनाच्या कटासाठीही, माफीचे अर्ज केले. मला बोलायचं आहे ते याच्यावर.

अ. जो.

---

प्रेषक: स्मि. पा., डर्बन

ताई, काका, नमस्कार.

विषयाला माझा विरोध नाही, पण हा कार्यक्रम नुसता गौरवाचा झाला तर मला तिथे बसवणार नाही. मी डर्बनजवळच्या उमलाझी वस्तीतल्या शाळेत शिकवतो, म्हणून लिहितोय.

ग्रिफिथ्स म्झेंगे हेही वकीलच. राजकीय कैद्यांचे खटले लढायचे, ओमर केप टाऊनला करत होते तेच काम. १९ नोव्हेंबर १९८१ ला त्यांना उमलाझीत चाळीसहून अधिक वार करून मारलं. त्यांच्या पत्नी व्हिक्टोरिया म्झेंगे याही वकील. त्यांनी नवऱ्याचं काम पुढे चालवलं आणि १ ऑगस्ट १९८५ ला त्यांनाही घराशीच मारलं. ग्रिफिथ्स यांच्या खुनाबद्दल पोलिसांच्या छुप्या खुनी पथकाचा म्होरक्या डर्क कुत्सिया आणि त्याच्या दोन साथीदारांना १९९७ मध्ये डर्बनच्या न्यायालयाने दोषी ठरवलं. शिक्षा सुनावण्याआधीच, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, त्यांना माफी मिळाली. ओमर यांच्या कायद्याने.

वर्णभेदी राजवटीच्या माणसांनी मारलेले स्टीव्ह बिको, म्झेंगे आणि रिबेरो यांच्या घरच्यांनी या माफीविरुद्ध संविधान न्यायालयात दाद मागितली होती. त्या खटल्याच्या कागदावर प्रतिवादींमध्ये राष्ट्राध्यक्षांबरोबर न्यायमंत्रीही आहेत. विचार करा, मारल्या गेलेल्या वकिलाचं कुटुंब एका बाजूला आणि मारेकऱ्यांच्या हातून वाचलेला वकील दुसऱ्या बाजूला. जुलै १९९६ मध्ये निकाल कुटुंबांच्या विरुद्ध गेला.

स्वतःवर झालेला वार कोणी माफ केला तर मी त्याच्यापुढे वाकेन. दुसऱ्याच्या भावाच्या खुनाची माफी तिसऱ्याने कशी द्यायची? माझ्या वर्गातली मुलं हे विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

स्मि. पा.

---

प्रेषक: वि. का., जोहान्सबर्ग

स्मि. पा.,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमच्या मुलांचा प्रश्न योग्य आहे. माझ्याकडेही पुरतं उत्तर नाही. पण वकील म्हणून एक गोष्ट मांडली पाहिजे, नाहीतर ओमर यांच्यावर अन्याय होईल.

माफी द्यायची की नाही, हे ओमर यांनी ठरवलंच नव्हतं. १९९३ च्या अंतरिम संविधानाच्या शेवटच्या परिच्छेदात ‘माफी दिली जाईल’ हे आधीच लिहून ठेवलं होतं. सैन्य आणि पोलीस ज्यांच्या हातात होते, त्यांच्याशी वाटाघाटी करून निवडणूक घ्यायची, त्याची ती किंमत होती. ओमर यांच्या हाती एवढंच उरलं होतं, की ही माफी कशी द्यायची. चिलीमध्ये १९७८ साली लष्करी राजवटीने एका हुकमाने आपल्या सगळ्या माणसांना मोकळं केलं. ना नाव सांगायचं, ना गुन्हा. इथेही तसं होऊ शकलं असतं.

त्यांच्या १९९५ च्या कायद्याने प्रत्येकाला स्वतःच्या नावाने अर्ज करायला लावला. काय केलं ते पूर्ण सांगायचं आणि कृत्य राजकीय हेतूने झालं हे दाखवायचं. माफीची सुनावणी बंद दाराआड घ्यायचं आधी ठरत होतं. मानवी हक्क संघटनांनी जोर लावला आणि ती उघड्यावर आली. या कायद्याने सत्य आणि सलोखा आयोग उभा केला, त्याचे सदस्यसुद्धा जनतेकडून नावं मागवून, जाहीर मुलाखती घेऊन निवडले. २९९ नावं आली होती, त्यातून मंडेलांनी १७ नेमले. माफीसाठी ७,११२ अर्ज आले. मंजूर ८४९, फेटाळले ५,३९२. बिकोंना कोठडीत मारणाऱ्या पोलिसांचे अर्ज फेटाळले गेले, कारण आयोगाच्या माफी समितीच्या मते त्यांनी खरं सांगितलं नव्हतं. कुत्सियाला माफी मिळाली आणि यांना नाही, हा फरक मुलांना जरूर सांगा. आपल्याकडे माफीचा साक्षीदार असतो, पण तो दुसऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून बोलतो. इथे माणसाने स्वतःचंच सांगायचं होतं, चव्हाट्यावर, मेलेल्याच्या आईसमोर.

मला जे खुपतं ते पुढचं. ज्यांना माफी नाही त्यांच्यावर खटले भरले जातील, या भरवशावर ही सगळी रचना उभी होती. आयोगाने ३०० च्या आसपास प्रकरणं सरकारी वकिलांकडे सोपवली. चालली ती बोटांवर मोजण्याइतकी. नुकसानभरपाई म्हणून कुटुंबांना २००३ पासून एकरकमी ३०,००० रँड मिळाले, तेही आयोगाने सुचवलं होतं त्याहून फार कमी. राष्ट्रीय अभियोग संस्था ओमर यांच्याच काळात, १९९८ मध्ये उभी राहिली आणि तिने हे काम केलं नाही. १९९९ ला ते वाहतूक खात्यात गेले, दोष कोणाचा किती हे मी ठरवू शकत नाही. पण म्झेंगे कुटुंबाची फसगत झाली असेल तर ती १९९५ पेक्षा इथे जास्त झाली, असं माझं मत आहे.

आणि एक. या माणसाचं खरं कष्टाचं काम कोणाला दिसत नाही. १९९४ मध्ये देशात एक नव्हे, अकरा न्यायखाती होती. काळ्या लोकांसाठी बंटुस्तानं म्हणून जे तुकडे पाडले होते, त्यांतल्या प्रत्येकाचं वेगळं. ती सगळी एक करायची, वर्णभेदाचा कायदा राबवण्यात हयात घालवलेल्या मॅजिस्ट्रेटांकडून नवं संविधान पाळून घ्यायचं, आणि तेही त्याच कारकुनांच्या हातून, त्याच फायलींतून. मी जिल्हा न्यायालयात वावरलो आहे. एका कोर्टाची नोंदवही बदलायला दोन वर्षं लागलेली पाहिली आहेत. याच पाच वर्षांत घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा झाला. परंपरेने झालेल्या आफ्रिकन विवाहांना पूर्ण मान्यता देणारा कायदाही झाला. ताई, तुमच्या भाषणात विषाच्या गोळीइतकीच जागा याला द्या, ही विनंती.

वि. का.

---

प्रेषक: अ. जो., केप टाऊन

काका, देते. अकरा खात्यांचं मला माहीतच नव्हतं.

स्मि. पा., माझी एक सूचना आहे. तुम्ही केप टाऊनला या आणि आधी तुम्ही बोला. म्झेंगे दांपत्यापासूनच कार्यक्रम सुरू करू. त्यानंतर मी ओमर यांच्यावर बोलते आणि शेवटी काकांनी कायदा समजावून सांगावा. ओमर यांच्या नावाची संस्था इथे वेस्टर्न केप विद्यापीठात आहे. १९९० मध्ये कायदा केंद्र म्हणून निघाली तेव्हा त्याचे पहिले संचालक तेच होते. तिथून कोणाला बोलावता येईल का, ते मी विचारते.

अ. जो.

---

प्रेषक: स्मि. पा., डर्बन

येतो. वर्गातल्या दोन मुलींनी व्हिक्टोरिया म्झेंगेंवर लिहिलं आहे, झुलूमध्ये. त्यांच्या घरच्यांनी होकार दिला तर त्यांनाही आणतो. त्यांनी त्यांच्या भाषेत वाचावं, मराठी मी सांगेन. प्रत्येकीला दहा मिनिटं लागतील. आणि प्रश्नोत्तरांत त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला तर काका, तो तुम्ही घ्या.

स्मि. पा.