मदत हवी आहे: कमिन्स ६बीटीचं बेलहाउसिंग एसएई २ की ३? मागे कुठला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसेल?

ओहायोकर

गाडी १९९४ ची शेव्हर्ले के२५०० पिकअप, फोर बाय फोर. ५.७ लिटर पेट्रोल व्ही८ आणि ४एल८०ई ऑटोमॅटिक. मागचा अ‍ॅक्सल ४.१०, टायर साधारण ३१ इंची. पेट्रोल इंजिन काढून कमिन्स ५.९ (६बीटी, १२ व्हॉल्व्ह) बसवायचं आहे. इंजिन एका मध्यम मालवाहू ट्रकमधलं आहे. त्याच्यासोबत अ‍ॅलिसन एटी५४५ गिअरबॉक्सही मिळतोय.

विकणारा म्हणतो बेलहाउसिंग (इंजिनच्या मागचं, गिअरबॉक्स जोडायचं कवच) 'एसएई २' आहे, कारण 'मोठं आहे'. एसएई म्हणजे अमेरिकी वाहन-अभियंत्यांच्या संस्थेने ठरवलेली मापं. टेपने मोजलं तर आतलं गोल तोंड ४१ सेंमीच्या आसपास भरतं. बोल्टच्या एका भोकाच्या मध्यापासून समोरच्या भोकाच्या मध्यापर्यंत १७ इंचाला जरासं कमी. भोकं १२.

प्रश्न तीन. हे नक्की कुठलं माप? एटी५४५ तसाच ठेवावा का? नाहीतर अ‍ॅलिसन १००० किंवा गाडीतलाच ४एल८०ई जोडता येईल का?

पाना-पक्कड

ते एसएई ३ आहे. विकणाऱ्याचा गोंधळ नेहमीचाच: आकडा मोठा म्हणजे हाउसिंग लहान, हे उलटं गणित कुणी सांगितलेलं नसतं.

पक्की मापं लिहून ठेवा:

एसएई १: आतलं तोंड ५११.२ मिमी, बोल्ट वर्तुळ ५३०.२ मिमी, १२ भोकं
एसएई २: ४४७.७ आणि ४६६.७ मिमी, १२ भोकं
एसएई ३: ४०९.६ आणि ४२८.६ मिमी, १२ भोकं
एसएई ४: ३६२.० आणि ३८१.० मिमी, १२ भोकं
एसएई ५: ३१४.३ आणि ३३३.४ मिमी, ८ भोकं

बोल्ट वर्तुळ मोजताना मध्य डोळ्याने धरू नका. एका भोकाच्या डाव्या काठापासून समोरच्या भोकाच्या डाव्याच काठापर्यंत मोजा, तेच मध्य ते मध्य अंतर. क्रँक फ्लँज किंवा फ्लायव्हील आड येऊन समोरचं भोक गाठता येत नसेल तर शेजारशेजारच्या दोन भोकांचं सरळ अंतर घ्या. १२ भोकांच्या हाउसिंगमध्ये ते एसएई ३ ला सुमारे १११ मिमी, एसएई २ ला १२१ आणि एसएई १ ला १३७ येतं. एवढा फरक साध्या टेपलाही कळतो.

गिअरबॉक्सच्या बाजूला तोंड नसतं, बाहेर आलेला काठ असतो. तिथे बाहेरचा व्यास मोजायचा. कडेला गंज किंवा रंग असेल तर आधी घासून काढा.

आणि आटे. हाउसिंगच्या बोल्टांच्या कड्याला बहुधा ३/८-१६ चे (३/८ इंच जाड, इंचाला १६) आटे असतात, पण मेट्रिक एम१० सुद्धा भेटतात. ३/८ चा बोल्ट एम१० च्या भोकात ढिला जातो, चार आटे धरल्यासारखा वाटतो आणि आवळताना आटे घेऊनच बाहेर येतो. पिच गेज (आट्यांमधलं अंतर तपासायची पट्टी) लावल्याशिवाय एकही बोल्ट पान्याने फिरवू नका.

डिझेलभट

माप जुळलं म्हणून एटी५४५ घ्यायची घाई करू नका. तो चार गिअरचा आहे: ३.४५, २.२५, १.४१ आणि १.००. ओव्हरड्राइव्ह (१ पेक्षा कमी गुणोत्तराचा गिअर) नाही. कन्व्हर्टरला (इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉकअपही नाही, म्हणजे तो घसरण थांबवून थेट जोडला जात नाही.

तुमच्याच गाडीचा हिशोब पाहा. ४.१० अ‍ॅक्सल आणि ३१ इंची टायरवर ताशी ६५ मैलाला, कन्व्हर्टरची घसरण न धरता:

एटी५४५, चौथा (१.००): सुमारे २८९० आरपीएम
४एल८०ई, चौथा (०.७५): सुमारे २१७०
अ‍ॅलिसन १०००, पाचवा (०.७१): सुमारे २०५०
तुलनेला डॉजच्या कमिन्स पिकअपमधला ४७आरएच, चौथा (०.६९): सुमारे १९९०

मालवाहू ट्रकमधलं ६बीटी साधारण २५०० च्या पुढे गव्हर्नरवर (आरपीएमला मर्यादा घालणारा भाग) अडतं. म्हणजे एटी५४५ लावून गाडी ताशी ५६ मैलाला गप्प बसेल. लॉकअप नसल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी, शिवाय सतत घसरणाऱ्या कन्व्हर्टरची उष्णता तेलात. शहरात थांबत थांबत फिरणाऱ्या स्कूल बसला तो ठीक. इंटरस्टेटवर जाणाऱ्या पिकअपला नाही.

दुसरं, गाडी फोर बाय फोर आहे. एटी५४५ च्या मागे तुमचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा भाग) थेट बसत नाही. तो वेगळा टांगायचा, मध्ये छोटा प्रॉपेलर शाफ्ट टाकायचा आणि पुढचे-मागचे दोन्ही शाफ्ट नव्या लांबीचे करायचे. खर्च इथेच दुप्पट होतो.

ओहायोकर

बाप रे, हा आरपीएमचा हिशोब केलाच नव्हता. मग अ‍ॅलिसन १०००? जवळच्या यार्डात ड्युरामॅक्सच्या (जीएमचं, म्हणजे शेव्हर्लेच्या कंपनीचं डिझेल इंजिन) गाडीतला एक आहे. अ‍ॅलिसन १००० एसएई ३ मध्ये येतो असं ऐकलंय.

पाना-पक्कड

अ‍ॅलिसन १००० एसएई २ आणि एसएई ३ अशा दोन्ही तोंडांत येतो, हे बरोबर. पण ड्युरामॅक्सच्या मागे असतो त्याचं तोंड जीएमच्या नमुन्याचं आहे, गोल बारा भोकांचं नाही. यार्डातला तो तुमच्या हाउसिंगला लागणार नाही. पुढचं कन्व्हर्टर हाउसिंग वेगळं सुटतं, त्यामुळे बदलता येतं. पण मग हाउसिंग, कन्व्हर्टर, फ्लेक्सप्लेट (क्रँकला लागणारी, कन्व्हर्टर फिरवणारी चकती) सगळंच एकाच मालवाहू संचातलं शोधावं लागतं. शिवाय त्याचा स्वतंत्र कंप्युटर आणि वायरिंग हवं. गिअरबॉक्स उत्तम आहे, वाद नाही. तुमच्या कामाला मात्र लांबचा रस्ता.

डिझेलभट

माझं मत: गाडीतलाच ४एल८०ई ठेवा. ट्रान्सफर केस, शाफ्ट, क्रॉसमेंबर बरंचसं जागेवर राहतं. बाजारात ६बीटी ते जीएम नमुना अशा अ‍ॅडॉप्टर प्लेटचे किट मिळतात.

गंमत अशी की असं किट थेट ब्लॉकला लागत असेल तर एसएई ३ हाउसिंग पूर्ण सुटून येतं. ज्या मापासाठी धागा काढला ते मग हाउसिंग विकतानाच कामाला येईल! काही किट मात्र एसएई ३ च्या कड्यावर बसतात आणि इंजिन-गिअरबॉक्सची लांबी वाढवतात. तुमच्या गाडीत इंजिन आणि रेडिएटरच्या मध्ये तेवढी जागा नाही. ऑर्डर देण्याआधी हे विचारा.

आणखी विचारायचं: फ्लेक्सप्लेट किटमध्ये आहे का, स्टार्टर कुठला धरलाय (दात जुळले नाहीत तर रिंग गिअर महिन्याभरात खाल्ला जातो), आणि कन्व्हर्टरचं पुढचं टोक क्रँकमध्ये बसवायला बुश दिलाय का. जीएमच्या कन्व्हर्टरचं टोक आणि कमिन्सच्या क्रँकचं भोक एका मापाचं नाही. बुश नसेल तर कन्व्हर्टर मध्यावर राहत नाही, गाडी थरथरते आणि पंपाचा बुश झिजतो.

पेट्रोलचा कन्व्हर्टर मात्र ठेवू नका. ६बीटी खालच्या आरपीएमलाच सगळा टॉर्क देतं. तो कन्व्हर्टर आधी इंजिन वर पळवेल, मग गाडी हलेल. डिझेलसाठीचा कमी स्टॉलचा (कमी आरपीएमलाच जोर पोचवणारा) घ्या.

४एल८०ई चे गिअर गाडीच्या कंप्युटरवरून बदलतात. तो पेट्रोल इंजिनचा. स्वतंत्र ट्रान्समिशन कंट्रोलर आणि पंपाच्या लिव्हरला जोडलेला थ्रॉटल सेन्सर लागेल, आणि गिअर बदलायची आरपीएम खाली आणावी लागतील. हे केलं नाही तर गव्हर्नर लागला तरी गिअर बदलणार नाही.

ओहायोकर

ठरलं, ४एल८०ई आणि ब्लॉकला लागणारं किट. जोडताना काय काय तपासू?

पाना-पक्कड

हाउसिंग सुटलं की मागचं क्रँक सील बदला, तिथे पुन्हा सहज हात पोचत नाही. हे सील पूर्ण कोरडं बसवायचं: क्रँकलाही तेल नाही, सीलच्या ओठालाही नाही. सवयीने तेल लावलंत तर गळणार. सोबतची प्लास्टिकची गाइड रिंग वापरा.

फ्लेक्सप्लेटचे बोल्ट आठ, एम१२×१.२५, नवे घ्या. समोरासमोरचे आळीपाळीने १३७ न्यूटन-मीटरला आवळा.

गिअरबॉक्स जोडण्याआधी कन्व्हर्टर हाताने फिरवत आत ढकला. दोन-तीन वेळा 'खट' करून तो मागे जातो. अर्धवट बसलेला राहिला तर बेलहाउसिंग आणि प्लेटमध्ये फट दिसते, आणि लोक ती फट बोल्ट आवळून मिटवतात. पंप तिथेच फुटतो. बेलहाउसिंग डॉवेल पिनांवर (जागा नेमकी धरणाऱ्या पिना) हाताच्या जोराने पूर्ण टेकलं पाहिजे, बोल्टने ओढून नव्हे.

टेकल्यावर कन्व्हर्टर मागे दाबून फ्लेक्सप्लेट आणि कन्व्हर्टरमधली फट मोजा. ३ ते ५ मिमी हवी. जास्त असेल तर सगळ्या बोल्टांखाली सारख्याच जाडीचे वॉशर. कमी असेल तर थांबा, किटमधलं काहीतरी चुकीचं आहे.

डिझेलभट

इंजिन बाहेर आहे तोवर पुढचं टायमिंग कव्हरही उघडा. १२ व्हॉल्व्हमध्ये गिअर हाउसिंगची एक डॉवेल पिन सुटून टायमिंग गिअरमध्ये पडते, हा जुना आणि सर्वांना माहीत असलेला दोष. पिनेवर छोटी पट्टी बोल्टने अडकवली की ती निघत नाही. इंजिन गाडीत गेल्यावर हेच काम रेडिएटर काढून करावं लागतं.

ओहायोकर

पिच गेज लावला, कड्याचे आटे ३/८-१६ निघाले. शेजारच्या भोकांचं अंतर १११. विकणाऱ्याला एसएई ३ म्हणून कळवलंय आणि एटी५४५ शिवायचा भाव मागितलाय.