वारलेल्या माणसाचं नाव उपासनेत प्रार्थनेत घेतलं तर चालतं का?

प्रश्न: आमची लुथरन मंडळी अगदी छोटी, सगळे सगळ्यांना ओळखतात. ऑर्गन वाजवणाऱ्या काकू गेल्या आणि रविवारी गीत सुरू करायचंच कुणाला जमेना, शेवटी पाळकांनी तसंच बिनवाद्याचं सुरू केलं, दुसऱ्या कडव्यापर्यंत निम्मे जण गप्प. मला प्रार्थनेत काकूंचं नाव घ्यायचंय पण एकजण म्हणाले आपल्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना नसते. खरंय का?

उत्तर 1: अर्धंच खरं. शुद्धीस्थान (मेल्यावर आत्मा शुद्ध होतो अशी मानलेली जागा) आणि मृतांसाठीची मिस्सा (कॅथलिक उपासनाविधी) आपल्या पंथाच्या मार्टिन ल्यूथरने नाकारली, पण ऑग्सबर्ग कबुलीजबाबाच्या समर्थनात (1531, लुथरन श्रद्धा मांडणारा मूळ ग्रंथ) सरळ लिहिलंय की मृतांसाठी प्रार्थना करायला आमची मनाई नाही. देवाचे आभार मानून नाव घ्या, काकूंना त्याच्या हाती सोपवा, बिनधास्त.

उत्तर 2: सकल संत दिनाला, म्हणजे 1 नोव्हेंबरला किंवा त्याच्या लगतच्या रविवारी, बऱ्याच मंडळ्यांत वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात आणि एकेका नावाला मेणबत्ती लावतात. अंत्यविधीला शवपेटीजवळ पुनरुत्थानाची मोठी मेणबत्ती पेटवतात ना, ती बाप्तिस्म्याची आठवण, बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 6वा अध्याय वाचा.

उत्तर 3: आणि रडू आलं तर रडा हो. ल्यूथरची मुलगी मॅग्डालेना 1542 मध्ये 13 वर्षांची असताना गेली तेव्हा तोही खूप रडला, विश्वास कमी पडला म्हणून नाही. काकूंच्या घरच्यांना त्यांचं आवडतं गीत विचारा आणि पुढच्या रविवारी तेच घ्या.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार, पाळकांशी आजच बोलते.