चालकाविना फेरीने ट्रेलर व गाड्या पाठवताना कोणती तयारी करावी?

प्रश्न

नमस्कार. आमचा मालवाहतुकीचा लहानसा व्यवसाय आहे. आतापर्यंत किनारी फेरीतून आमचे ट्रेलर नेहमी चालकासह जात होते. जहाजाचा प्रवास रात्रभराचा असल्यामुळे तेवढा सगळा वेळ चालक आणि ट्रेलर ओढणारा घोडा हे दोन्ही अडकून राहतात, शिवाय घोड्याच्या लांबीचे भाडेही भरावे लागते. म्हणून यापुढे ट्रेलर अलीकडच्या बंदरातील आवारात सोडावा, फेरी कंपनीने तो जहाजावर चढवून पलीकडे उतरवावा आणि तिथे आमच्या दुसऱ्या घोड्याने तो जोडून न्यावा, असा विचार आम्ही करत आहोत. आमच्याकडे असे तीन ट्रेलर असून त्यांपैकी एक शीतपेटीचा आहे. अधूनमधून एखादी मोटारगाडीही एकटीच पाठवावी लागते.

प्रयोग म्हणून एक ट्रेलर पाठवला, तेव्हा तो पलीकडे मडगार्ड तुटलेल्या अवस्थेत मिळाला. तो कुठे तुटला, आवारात, उतारावर की जहाजात, हे आम्हाला सिद्ध करता आले नाही. चालक सोबत असताना तो न सांगता कितीतरी गोष्टी पाहत आणि करत असे, हे त्या वेळी प्रकर्षाने जाणवले. त्या गोष्टी नेमक्या कोणत्या आणि आता त्या कोणी, कधी करायच्या? या कामाचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी अनेक वर्षे फेरीच्या आवारात ट्रेलर चढवण्या-उतरवण्याचे काम केले आहे, त्यामुळे आवाराच्या फाटकापासून जहाजाच्या उतारापर्यंतच्या भागाबद्दल खात्रीने लिहू शकतो.

आपला ट्रेलर तिथे आपल्या घोड्याने ओढला जात नाही. त्यासाठी आखूड बांध्याचा यार्ड ट्रॅक्टर असतो. त्याची जोडतबकडी, म्हणजे ट्रेलरचा पुढचा भाग जिच्यावर टेकून जोडला जातो ती तबकडी, हायड्रॉलिक दाबाने वर उचलता येते आणि चालकाला आसन फिरवून मागे तोंड करून बसता येते. ट्रेलरचे टेकूचे पाय न गुंडाळताच तो पुढचा भाग उचलतो आणि मिनिटाभरात ट्रेलर हलवतो. एका जहाजासाठी असे कित्येक ट्रेलर ठरलेल्या वेळेत चढवायचे असतात. या घाईत आपल्या ट्रेलरची एखादी खोड, उदाहरणार्थ अडकणारा पाय किंवा वाजवीपेक्षा खाली लोंबणारी फळी, ट्रॅक्टरच्या चालकाला कळण्याचा कोणताही मार्ग नसतो. आपला चालक ती ओळखून होता आणि सांभाळून घेत होता, एवढाच काय तो फरक. म्हणून अशा खोडी दुरुस्त केल्याशिवाय तो ट्रेलर एकटा पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्रेकबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक गैरसमज तिथेच आढळतो. घोड्याच्या हवेच्या नळ्या काढल्या की ट्रेलरची चाके आपोआप धरली जातात आणि सोडून जाणाऱ्याला ब्रेक लागला असे वाटते. प्रत्यक्षात तो ब्रेक ट्रेलरच्या टाकीत उरलेल्या हवेवर धरलेला असतो. ही हवा काही तासांत गळू शकते आणि गळाली की पकडही जाते. उभ्या ट्रेलरचा खरा ब्रेक वेगळा असतो. बाजूचे लाल बटण ओढले की स्प्रिंगच्या जोराने चाके धरली जातात आणि त्या पकडीला हवेची गरज नसते. लाल बटण ओढल्याशिवाय ट्रेलर सोडायचा नाही, ही शिस्त चालकांच्या अंगवळणी पाडावी. त्याचप्रमाणे स्प्रिंगचा ब्रेक खरोखर धरतो का, हे नळ्या काढण्यापूर्वी हलकेच ओढून पाहावे.

उतार हा दुसरा मुद्दा. ओहोटीच्या वेळी जहाज खाली गेलेले असते आणि धक्क्यावरून जहाजात जाणारा उतार तीव्र होतो. सपाट जमिनीवर पुरेसा उंच वाटणारा ट्रेलर अशा उताराच्या सांध्यावर पोटाला किंवा मागच्या टोकाला घासतो. माल चढवण्या-उतरवण्याचा मागचा उचलपाटा नीट घडी करून अडकवलेला नसेल तर पहिला फटका त्यालाच बसतो. आपले मडगार्ड असेच तुटले असण्याची शक्यता मला बरीच वाटते. ट्रेलर बुटका असेल किंवा मागे लांब असेल तर आरक्षण करतानाच कंपनीला तसे कळवावे, म्हणजे भरती-ओहोटी पाहून त्याला चढवण्याची वेळ ठरवता येते.

फाटकावरील तपासणीच्या वेळी मात्र आपला चालक हजर असतो आणि त्या क्षणाचे महत्त्व फार मोठे आहे. ट्रेलर ताब्यात घेणारा कर्मचारी आधीच्या खरचटण्या आणि पोचे यांची नोंद करतो. त्या नोंदीवर सही करून चालक घाईने निघून गेला, तर पुढचे सगळे भांडण त्या कागदापाशीच संपते. चारही बाजू, टायर, दारांचे सील आणि सीलचा क्रमांक यांची छायाचित्रे फाटकाची पाटी दिसेल अशा रीतीने काढावीत आणि पलीकडच्या बंदरात आवार सोडण्यापूर्वी पुन्हा तशीच काढावीत.

प्रतिसाद २

वरील प्रतिसाद धक्क्यावर थांबतो, तिथून पुढचे मी लिहितो. मी रो-रो, म्हणजे वाहने चाकांवरच चढवली-उतरवली जातात अशा, जहाजांवर अधिकारी म्हणून काम केले आहे.

जहाज ३० अंशांनी कलले तर डेकवरच्या प्रत्येक वस्तूच्या वजनाचा निम्मा भाग तिला बाजूला ओढू लागतो. २८ टनांच्या ट्रेलरच्या बाबतीत ती ओढ १४ टनांची झाली, आणि लाटांच्या हिसक्यांचा जोर त्यात धरलेलाच नाही. हे सगळे टायरच्या घर्षणावर सोडता येत नाही. म्हणून ट्रेलर साखळ्यांनी किंवा पट्ट्यांनी डेकवरील कड्यांना बांधला जातो आणि त्यासाठी ट्रेलरच्या चासीवरही तेवढीच मजबूत कडी असावी लागतात. अनेक मालकांना ही अट ठाऊकच नसते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९८५ साली याबाबत मार्गदर्शक तत्त्वे ठरवली. त्यांनुसार एकूण वजन ३.५ ते २० टन असेल तर प्रत्येक बाजूला किमान २, २० ते ३० टनांसाठी ३ आणि ३० ते ४० टनांसाठी ४ कडी हवीत. प्रत्येक कड्याची ताकद काढण्यासाठी टनांतल्या वजनाला १० ने आणि १.२ ने गुणून एका बाजूच्या कड्यांच्या संख्येने भागायचे. २८ टनांच्या ट्रेलरला एका बाजूला ३ कडी असतील, तर प्रत्येकाने ११२ किलोन्यूटन (सुमारे ११ टन वजनाइतकी) ओढ कायमची वाकल्याशिवाय सोसली पाहिजे. साखळ्यांचा कोन शक्यतो ३० ते ६० अंशांच्या दरम्यान ठेवला जातो.

कडी नसतील तर खलाशी साखळी अडकवायला जागा शोधतात, आणि मग ती मडगार्डच्या दांड्याला किंवा बाजूच्या संरक्षक पट्टीला लागते. तुटलेल्या मडगार्डाचा हाही एक खुलासा असू शकतो. खलाशांचा दोष तिथे मला कमी दिसतो, कारण वादळी हवेत न बांधलेला ट्रेलर शेजारच्या दहा वाहनांना धोका असतो.

बांधलेला ट्रेलर सैल होण्याचे एक कारण मात्र चासीखालीच दडलेले असते. हवेचे सस्पेन्शन असलेल्या ट्रेलरमधून प्रवासात हवा गळली की चासी खाली बसते आणि ताणलेल्या साखळ्या ढिल्या पडतात. त्यामुळे बांधण्यापूर्वीच ती हवा सोडून ट्रेलर खाली बसवणे उत्तम. ते बटण कुठे आहे हे दाखवणारी ठळक खूण आपल्या ट्रेलरवर लावून ठेवावी. सुट्या ट्रेलरचा पुढचा भार जहाजात टेकूच्या पायांवर ठेवला जात नाही, कारण ते पाय उभ्या वजनासाठी बनवलेले असतात, हेलकाव्यांसाठी नव्हे. किंगपिनजवळ, म्हणजे ट्रेलर घोड्याला जोडणाऱ्या खिळीजवळ, भक्कम घोडी (आधाराचा स्टँड) लावून तिच्यावर तो भार घेतात.

आतला माल तर आम्हाला दिसतच नाही. बाहेरून चार-चार साखळ्या लावल्या आणि आत पिंपे मोकळी असली, तर ट्रेलर जागेवर राहून आतूनच उलटू पाहतो. रस्त्यावर नीट राहिलेला माल समुद्रात राहीलच असे नाही, कारण रस्त्यावरचा झटका क्षणाचा असतो आणि समुद्रातले डोलणे तासन्‌तास त्याच लयीत चालते. माल बांधताना हे ध्यानात ठेवावे आणि वजन अंदाजाने न सांगता काट्यावर करून लिहावे. कोणता ट्रेलर खालच्या डेकवर ठेवायचा आणि जहाजाचा तोल कसा राखायचा, हे आम्ही त्याच आकड्यावरून ठरवतो.

चालकाविना ट्रेलर पाठवण्याचा एक मोठा फायदाही सांगितला पाहिजे. डिसेंबर २०१८ मध्ये उत्तर आयर्लंड आणि स्कॉटलंड यांच्यामधील समुद्रात 'युरोपियन कॉजवे' या फेरीवर खवळलेल्या समुद्रामुळे ट्रक उलटले, तेव्हा काही चालक नियम मोडून वाहनडेकवर आपल्या केबिनमध्येच थांबलेले आढळले. एकट्या ट्रेलरच्या बाबतीत माणसाचा जीव असा धोक्यात येत नाही.

प्रतिसाद ३

मी सागरी विम्याचे दावे हाताळते. आपल्या प्रश्नातील एक बाब अजून कोणी मांडलेली नाही. चालक सोबत नसला की वाहनाचे कायदेशीर स्वरूपच बदलू शकते.

प्रवासी स्वतःची गाडी घेऊन जहाजावर चढतो, तेव्हा ती गाडी प्रवाशाचे 'सामान' मानली जाते आणि प्रवासी वाहतुकीचा १९७४ चा अथेन्स करार तिला लागू होऊ शकतो. तीच गाडी एकटी पाठवली की ती 'माल' ठरते आणि तिच्यावर मालवाहतुकीच्या अटी चालतात. सामानाला आतून झालेली, वरकरणी न दिसणारी हानी अथेन्स कराराखाली १५ दिवसांत लेखी कळवता येते. मालासाठीच्या हेग-व्हिस्बी नियमांत तीच मुदत ३ दिवसांची आहे, दिसणारी हानी ताबा घेतानाच लिहून द्यावी लागते आणि दावा वर्षाच्या आत दाखल करावा लागतो. देशांतर्गत किनारी फेरीला हे आंतरराष्ट्रीय नियम थेट लागू असतातच असे नाही. पुष्कळदा कंपनीच्या छापील अटीच निर्णायक ठरतात, म्हणून त्या आरक्षणाआधी वाचाव्यात, आणि उघड्या डेकवर ठेवलेल्या मालाबद्दल त्यांत काय म्हटले आहे ते विशेष पाहावे.

भरपाईची मर्यादा समजण्यासाठी एक हिशोब देते. हेग-व्हिस्बी नियमांत ती प्रत्येक नगामागे ६६६.६७ किंवा किलोमागे २ एकके, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती, अशी आहे. ही एकके आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशोबाची आहेत. ट्रेलरमध्ये २० टन माल असेल आणि कागदावर नुसते 'एक ट्रेलर' लिहिले असेल, तर वजनाने ४०,००० एकके होतात. त्याच कागदावर '३०० खोकी' अशी नोंद असेल, तर मर्यादा सुमारे २,००,००० एककांवर जाते. एका ओळीने एवढा फरक पडतो, तरीही ती ओळ न लिहिलेले कागद माझ्यापुढे सतत येतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

विमा घेताना ट्रेलर आणि आतला माल यांचा विमा वेगवेगळा आहे ना, आणि ट्रेलर घोड्यापासून सुटा असताना व समुद्रात असताना तो चालू राहतो ना, हे लेखी विचारून घ्यावे. सामाईक हानीचाही त्यात समावेश असावा. जहाज वाचवण्यासाठी हेतुपुरस्सर खर्च किंवा नुकसान करावे लागले, तर ज्यांचा माल सुखरूप आहे त्यांनाही त्यात वाटा उचलावा लागतो, आणि त्याची हमी दिल्याशिवाय माल ताब्यात मिळत नाही.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनःपूर्वक आभार. आज सकाळी तिन्ही ट्रेलर पाहिले. तिन्ही ३० टनांहून अधिक एकूण वजनाचे आहेत, आणि एकालाही बाजूला २ पेक्षा जास्त कडी नाहीत. ती आमच्या नेहमीच्या वेल्डरकडून बसवून घेतली तर चालतील का? शीतपेटी आणि मोटारगाड्या यांबद्दलही कृपया लिहावे.

प्रतिसाद २

शीतपेटीबद्दल प्रथम लिहितो. बंद डेकवर तिचे डिझेल इंजिन चालू ठेवू देत नाहीत, ती जहाजाच्या विजेवर चालवावी लागते. २८ डिसेंबर २०१४ रोजी एड्रियाटिक समुद्रात 'नॉर्मन अटलांटिक' या फेरीच्या वाहनडेकवर आग लागली आणि अनेकांचे प्राण गेले. डिझेलवर चालू ठेवलेल्या एका शीतवाहनातून ती आग सुरू झाली असावी, असा तपासाचा निष्कर्ष होता. म्हणून वीजजोडणीची जागा आरक्षणातच मागून घ्यावी, केबल आणि तिचे टोक कंपनीच्या जोडणीशी जुळते का ते आधी पाहावे आणि हवे असलेले तापमान पेटीवर ठळक लिहावे. सोडताना आणि घेताना तापमानाची नोंद छापून घ्यावी, कारण मधल्या तासांचा साक्षीदार तीच असते.

मोटारगाडीच्या किल्लीला गाडीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी बांधावी आणि दुसरी किल्ली स्वतःकडे ठेवावी. चोरीचा इशारा देणारी यंत्रणा बंद करावी, नाहीतर जहाज डोलले की ती वाजत राहते आणि पलीकडे बॅटरी उतरलेली गाडी मिळते. इंधन थोडेच ठेवावे, गॅसची टाकी असल्यास ती आधी कळवावी, आणि गाडीत घरगुती वस्तू भरू नयेत. अपघातग्रस्त किंवा बंद पडलेल्या गाडीची अवस्था लपवू नये. जून २०२० मध्ये जॅक्सनव्हिल बंदरात 'होएग शियामेन' या जहाजावर जुन्या गाड्या चढवून झाल्यावर मोठी आग लागली, आणि बॅटऱ्या सुट्या करून त्यांची टोके नीट झाकण्याची पद्धत पाळली गेली नव्हती, असे चौकशीत आढळले. विजेवरच्या गाडीसाठी बॅटरी किती चार्ज ठेवायची, हे कंपनीला विचारूनच ठरवावे.

कड्यांबाबत मात्र कृपया घाई करू नका. चासीच्या तुळया पुष्कळदा उच्च ताकदीच्या पोलादाच्या असतात, आणि चुकीच्या जागी वेल्डिंग केल्यास उष्णतेने तिथली ताकद घटून पुढे तडा जाऊ शकतो. ट्रेलर बनवणाऱ्या कंपनीकडे फेरीसाठीच्या कड्यांचा संच बहुधा मिळतो, तो तुळईला बोल्टने कुठे बसवायचा याचा आराखडाही तीच देते. ३० टनांवरील ट्रेलरला बाजूला चार कडी लागतील, म्हणजे तिन्ही मिळून आणखी निदान बारा. ती बसेपर्यंत हे ट्रेलर चालकाविना पाठवू नयेत, आणि जाण्या-येण्याची निकड असेल तर आपल्या कड्यांची संख्या जहाजाच्या अधिकाऱ्याला आधीच कळवून त्याची लेखी संमती घ्यावी.