लायब्ररी ओपन सोर्स केली की डेव्हलपर गिऱ्हाईक होतात का?

लॉगवाला: आमची लॉग (सॉफ्टवेअर चालताना होणाऱ्या नोंदी) साठवून शोधून देणारी सेवा आहे. जाहिरातींकडे डेव्हलपर ढुंकूनही बघत नाहीत, निम्म्यांकडे तर अ‍ॅडब्लॉकर. साहेब म्हणतात, क्लायंट लायब्ररी (आपली सेवा जोडायचा तयार कोड) गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर सगळ्यांसाठी खुली टाका, मार्केटिंग आपोआप होईल. होतं का खरंच?

जुना_कमिटर: आपोआप? छे! मी टूल निवडताना वेबसाइट शेवटी बघतो. आधी रीडमी (कोडची ओळख देणारी फाइल), मग थेट इश्यूज (तक्रारींची यादी). कुणी बग टाकलाय, त्याला माणसानं उत्तर दिलंय की बॉटनं 'स्टेल' (शिळा) म्हणून बंद केलाय? तिथंच माझा निर्णय होतो. मग कोड क्लोन करून (स्वतःकडे उतरवून) चालवतो. सेल्सवाल्याशी न बोलता हे करता येतं, हीच तुमची जाहिरात. पुढे ऑफिसात 'कुठलं घ्यायचं' विचारलं की मी वापरलेलंच नाव सांगतो. पण पुल रिक्वेस्ट (बाहेरच्यांनी पाठवलेले बदल) बघायला माणूस नसेल तर टाकूच नका, ओसाड रेपो (गिटहबवरची कोडची जागा) उलटी जाहिरात करतो.

सेमीकोलन: लायसन्सही आधीच ठरवा. हाशीकॉर्प कंपनीनं २०२३ मध्ये आपलं टेराफॉर्म हे टूल एमपीएल या ओपन सोर्स लायसन्सवरून बीएसएल या बंधनं घालणाऱ्या लायसन्सवर नेलं आणि लगेच ओपनटोफू हा फोर्क (जुन्या कोडवरून इतरांनी काढलेली वेगळी आवृत्ती) निघाला. वर्षानुवर्षं जमवलेली माणसं दुसऱ्याच्या अंगणात.

लॉगवाला: साहेबांना आकडा हवाय. गिटहबवरचे स्टार (लाइकसारखे) दाखवू?

जुना_कमिटर: स्टार विकतही मिळतात हो! बाहेरच्या किती जणांनी इश्यू टाकले आणि त्यातले किती परत आले, ते दाखवा. आकडा लहान दिसेल, साहेब कुरकुरतील.