आयसीयूत बीपी ठीक दिसतोय पण पल्स १२६, कशावर विश्वास ठेवायचा?

पिलबाग_यावल
आमच्या आप्पांना केळीची पानं कापताना पायाला विळा लागला, शुगर आधीपासूनच, जखम चिघळली, थंडीताप आला आणि डायरेक्ट सेप्टिक शॉक, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनून बीपी कोसळला. आता जळगावला आयसीयूत आहेत. मॉनिटरवर बीपी १०४/५६ बघून आम्ही जरा खुश झालो तर डॉक्टर म्हणे तो औषधावर आहे, पल्स १२६ च्या खाली येत नाही त्याची काळजी वाटते. बीपी आला तर पल्सचं एवढं काय? भेटायला ५ मिनिटं मिळतात, काय विचारू?

धुळेकर_सिस्टर
दादा, बेडजवळच्या सिरिंज पंपावर नॉरअ‍ॅडचं, म्हणजे बीपी वर धरून ठेवणाऱ्या औषधाचं, स्टिकर असेल बघा. घड जड झाला की केळीला बांबूचा टेकू देतात ना, तसा तो बीपी त्या औषधावर उभा आहे. म्हणून बीपी किती हे नका विचारू, कालपेक्षा नॉरअ‍ॅड कमी लागतंय की जास्त ते विचारा. आणि पंपावरचा एमएलचा आकडा बघून स्वतः हिशोब लावू नका, ८ चे ४ झाले म्हणून नातेवाईक पेढे आणायला निघतात आणि इथे सिरिंजमधलं औषध डबल स्ट्रेंथ केलेलं असतं. लघवी तासाला किती होते तेही विचारा.

रात्रपाळी_एमडी
सिस्टरांचं बरोबर आहे. आम्ही वरचा-खालचा बीपी सोडून सरासरी दाब बघतो, खालच्याची दुप्पट अधिक वरचा भागिले ३, म्हणजे आप्पांचा ७२. टार्गेट ६५ असतं, ते गाठलंय, पण औषधाने गाठलंय. पल्सवर १९८७ ला अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेतून एक जुना अभ्यास आला होता, त्यात सुरुवातीला १०६ च्या खाली आणि २४ तासांनी ९५ च्या खाली पल्स असलेले पेशंट जास्त वाचले. पेशंट थोडे होते, त्यामुळे ९६ झाला म्हणजे संपलं असं काही नाही, उतरती आहे का ते बघायचं. ताप, दुखणं, पाणी कमी पडणं यानेही पल्स पळते.

नाना_अमळनेर
मग पल्स कमी करायची गोळी देऊन टाका ना भो, माझी मेटोप्रोलॉल चालू आहे, कायम ६८.

रात्रपाळी_एमडी
नाना, तुमच्यासारख्याला सेप्सिस (असा अंगभर भिनलेला संसर्ग) झाला तर पल्स हवी तेवढी वाढणार नाही आणि आम्ही फसू, म्हणून ही गोळी चालू असेल तर आधी सांगायची. शॉकमध्ये औषधाने पल्स कमी करायचा प्रयोगही झालाय. २०१३ ला इटलीत १५४ पेशंटवर एस्मोलॉल हे पल्स कमी करणारं औषध वापरलं तेव्हा मृत्यू बरेच कमी दिसले, सगळे हुरळून गेले, पण २०२३ ला ब्रिटनमध्ये तशाच प्रकारचं लँडिओलॉल देऊन बघितलं तर फायदा काही दिसला नाही. शॉकमध्ये हृदय पळतंय ते बहुतेक वेळा गरज म्हणून, नुसता आकडा खाली ओढून काय उपयोग.

पिलबाग_यावल
लॅक्टेट (शॉकमध्ये रक्तात वाढतं ते) सकाळी ४.१ होतं आता ३.२ आलंय म्हणे. नॉरअ‍ॅड तेवढंच आहे. उद्या पाय परत साफ करायला घेणार म्हणतात, एवढ्या नाजूक तब्येतीत भूल द्यायची का, घरात सगळे नाही म्हणताय.

रात्रपाळी_एमडी
लॅक्टेट उतरतंय हे चांगलं. पायाचं थांबवू नका. आत पू राहिला तर अँटिबायोटिक कितीही भारी असू द्या, पल्स उतरणार नाही. सर्जन आणि भूलवाल्या डॉक्टरांशी आज रात्रीच बोलून घ्या, आणि घरच्यांपैकी सही करणारा एकच माणूस ठरवा.